कपाटातलं लाकूड कोण नेतं

३ मार्च, रविवार

आणि वर हे मलाच विचारतात, नीट बघितलंस ना! मी चुकेन? अख्ख्या वस्तीचे मोजे जोडी लावून परत देणारी बाई आहे मी. शुक्रवारी कपाट गच्च भरून ठेवलं होतं. आज उघडलं तर निम्मं रिकामं. लाकूड गेलं, दगड गेले. आठवडाभर लाँड्रीत मशीन फिरत असताना एका हातानं गिऱ्हाईक सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं झाडं पाडली, ती काय कुणाच्या घशात घालायला?

सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते. पुढं पुरावा लागेल. कॉम्प्युटरवर लिहिणार नाही, तिथं वाचतील.

लेक लग्न होऊन लांब गेली. फोन केला की दोन मिनिटांत म्हणते, ठेवते गं आई, काम आहे. मग तिनंच हा गेम काढला. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक जग बनवलं आणि तिथं फक्त आम्ही चौघं. ती, जावई, मी आणि हे. जंगल आहे, बर्फ आहे, भूक लागते, लांडगे येतात. चौघांनी मिळून घर बांधलं. रविवारी कानाला फोन लावून ती संध्याकाळभर तिथं असते, बोलते, हसते. मला तेवढीच मिळते ती. बाकी आठवडा मी त्या घरासाठी लाकडं तोडते.

आणि त्याच घरात चोरी. बाहेरचं तिथं कुणी येऊच शकत नाही. म्हणजे समजायचं ते समजले.

४ मार्च, सोमवार, दुपार

पहिला संशय कॉम्प्युटरवरच. दुकानातला जुना डबा. लेकीनं त्यातलं होतं ते काढून लिनक्स घातलं. फुकट असतं म्हणाली. जगभरची माणसं मिळून बनवतात आणि वाटून टाकतात. का? तर म्हणे आवडतं म्हणून. मला काय दुधखुळी समजली? आवडतं म्हणून मी आजवर एक रुमाल फुकट धुतला नाही.

त्यात पासवर्ड. काळ्या खिडकीत मी अक्षरं दाबते, तिथं काहीच उमटत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. मग मी दाबलेलं जातं कुठं?

शिवाय हा गेम मुळात दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी केलेला. आपल्यावर चालावा म्हणून लेकीनं मध्ये दुभाष्या बसवलाय. तिचाच शब्द. इकडचं तिकडं सांगतो. लाकूड तोच खातो, असं आजचं माझं मत. फोन करून सांगितलं. म्हणाली, अगं आई, तो प्रोग्रॅम आहे, त्याला लाकूड काय करायचंय? मी म्हटलं, दलाल काय त्या घरात राहायला जातो? तरी आपला टक्का घेतोच की नाही?

हसली. मग म्हणाली, ठेवते, काम आहे.

६ मार्च, बुधवार

पहारा. चोर रंगेहाथ धरायचा म्हणून सकाळपासून गेममध्ये कपाटासमोर बसले. कुऱ्हाड हातात. इस्त्री करायची आणि मान वर करून बघायचं, इस्त्री करायची आणि बघायचं. हॉटेलच्या आचाऱ्याचा पांढरा कोट चिकटला. छातीवर तपकिरी त्रिकोण. तो संध्याकाळी न्यायला आला, मी म्हटलं, हा डाग तुमच्याच किचनमधला. त्यानं कोट उजेडाकडे धरला. मग म्हणाला, मावशी, याला इस्त्रीचा आकार आहे. लोकांना हल्ली काही सांगायची सोयच नाही.

दिवसभर कपाटाजवळ कुणी फिरकलं नाही. संध्याकाळी उघडलं. लाकूड कमी!

म्हणजे चोर साधा नाही. त्याला न दिसता येता येतं.

७ मार्च, गुरुवार

लेकीनं मोठा मेसेज बोलून पाठवला. म्हणे चोर नाहीच. हे कपाट म्हणजे घराचं कोठार. घराची रोज झीज होते, ती भरून काढायला घरच कपाटातलं लाकूड आणि दगड ओढून घेतं. जेवढं मोठं घर तेवढं जास्त. कपाट रिकामं पडलं तर घर पडतं. म्हणे कपाट उघडलं की वर लिहून येतं, वाच.

वर काहीतरी इंग्रजीत येतं खरं. मी वाचत नाही, जाहिरात असणार.

घर लाकूड खातं! आजवर कुणाच्या घरानं असं केलंय? जावयांना विचारलं. ते लगेच म्हणाले, आई, तुमचंही बरोबर आहे. इतक्या लवकर माझं बरोबर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. इथंच पाणी मुरतंय.

८ मार्च, शुक्रवार

निश्चय. बंदोबस्त करायचा. कपाटाभोवती दगडी भिंत. त्या भिंतीभोवती दुसरी. दाराला दार.

९ मार्च, शनिवार

दोन्ही भिंती झाल्या. छपरावर पहाऱ्याची माडी पण चढवली. घर आता किल्ल्यासारखं दिसतं. लाकूड आधीच्या दुप्पट वेगानं जातंय. चोर बिथरलाय. बंद व्हायच्या आत हात मारून घेतोय. म्हणजे माझी पावलं बरोबर पडताहेत.

१० मार्च, रविवार

आज चौघं होतो. मी प्रत्येकाला सरळ विचारलं, कुणी नेलं? हे म्हणाले, मी फक्त मासे धरतो. ते खरं आहे. यांना अख्खं जग दिलं तरी हे एका डबक्याकाठी बसतील. आधी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता मासे. पण आज यांच्या पिशवीत मासे कमी आणि पिवळी फुलं जास्त होती. कशाला म्हटलं तर म्हणे, दिसली म्हणून तोडली. यांना आजवर कधी फूल दिसलं नाही. लग्नात हार घातलेला तो पण भटजींनी आठवण केल्यावर.

लेक म्हणाली, आई, घराच्या मागच्या बाजूला आठवडाभर जाऊ नकोस हं. का? तर गंमत आहे. पुढच्या रविवारी दाखवते. हे चहाच्या कपात बघून हसले. जावई खाकरले.

तिघं एक झालेत. माझी लेक पण.

१२ मार्च, मंगळवार

गेले. जाऊ नको म्हटल्यावर न जाणारी मी नव्हे.

मागच्या भिंतीला चिकटून एक नवी खोली उभी केलीय. बाहेरून दार दगडांनी झाकलेलं. माझ्याच लाकडाची, मी माझं लाकूड ओळखते. आत भिंती पिवळ्या. म्हणजे यांची फुलं इथं आली! मध्ये एवढासा पलंग. त्यावर लोकर अंथरलेली. त्यात मोठं माणूस मावायचं नाही, गुडघे बाहेर येतील. बाजूला बसकं स्टूल. छताला माशांच्या काट्यांची माळ टांगलेली, वारा आला की फिरते. मासे कोण धरतं ते सांगायला नको.

अशी खोली कशाला लागते? माल लपवायला. पलंग नावाला.

दोन प्रहरी दुकानात कुणी नव्हतं. सगळं कुऱ्हाडीनं तोडलं. निघालेलं लाकूड कपाटात टाकलं. बरंच भरलं. यालाच म्हणतात माल हस्तगत करणं.

यांना काही सांगितलं नाही. यांचा चेहरा रविवारी बघायचाय.

१५ मार्च, शुक्रवार

लेकीनं आज स्वतः फोन केला. चक्क दहा मिनिटं बोलली. जेवलीस का, पाय दुखतात का, दुकान लवकर बंद करत जा. मधेच म्हणाली, आई, रविवारी नक्की ये हं, चुकवू नकोस. मी म्हटलं, मी नाही चुकवायची, तूच तयार राहा. ती हसली. तिला वाटलं मी लाडात बोलले.

बिचारी. जावयांच्या नादाला लागली. रविवारी मोठ्या मनानं माफ करीन.

१७ मार्च, रविवार

लेक वेळेच्या आधी हजर. आवाज कसा फुललेला. म्हणाली, आई, डोळे मीट, मी सांगते तेव्हाच स्क्रीनकडे बघ. मी मिटले नाहीत. ती पुढं, मागून जावई, त्यांच्या मागून हे, शेवटी मी. वरात निघाल्यासारखे घराला वळसा घालून मागं गेलो.

तिथं बर्फ आणि तुटकी भिंत.

मग मीच सांगितलं. म्हटलं, सगळं मी शोधून काढलं, तोडलं आणि माल जागेवर ठेवला, आता खरं बोला. लेक म्हणाली, तू तोडलंस? मी म्हटलं, हो, मीच. तिनं पुन्हा विचारलं, पलंग पण? मी म्हटलं, पलंग आधी.

ती त्या जागी उभी राहिली. गेममध्ये माणूस उभा असला की नुसता श्वास घेतो. तेवढंच दिसत होतं. मग ती नाहीशी झाली. जावई म्हणाले, आई, नंतर बोलू. ते पण गेले. हे आतल्या खोलीत लॅपटॉप मिटून गच्चीवर गेले.

याला म्हणतात रंगेहाथ पकडलं जाणं. तिघंही पळाले.

१८ मार्च, सोमवार

लेक फोन उचलत नाही. मन खात असणार.

यांनी जेवताना मीठ पण हातवारे करून मागितलं.

१९ मार्च, मंगळवार

शेवटचा उपाय. मागं गेममधल्या बकऱ्या अडकल्या होत्या तेव्हा लेकीनं मला त्या जगाची मालकीण करून ठेवलं, म्हणजे मला तिथले हुकूम देता येतात. त्यात एक हुकूम परवानगीच्या यादीचा. यादी चालू केली की ज्याचं नाव यादीत तोच आत. बाकीचे बाहेर.

नावं घालायला बसले. जावई नाही. हे तर नाहीच, माशांचे काटे मी विसरले नाही. लेक. तिच्यापाशी बराच वेळ अडले. पण मन घट्ट केलं, आधी तिनं कबूल करावं. म्हणजे घालण्यासारखं एकही नाव निघेना. तशीच यादी चालू केली. विश्वासाचं कुणी नाही तर नाही!

लगेच स्क्रीन काळी. पाटी आली. ती मात्र वाचली. तुमचं नाव यादीत नाही.

माझं? मालकिणीचं नाव कशाला घालायला लागतं? दुकान माझं आहे म्हणून मी काय रोज स्वतःला पावती फाडते? पुन्हा गेले, पुन्हा तीच पाटी. डबा बंद करून चालू केला. तीच पाटी. हुकूम द्यायला आत जावं लागतं आणि आत जायला हुकूम लागतो. हे सगळं त्या दुभाष्यानं उलटं सांगितल्यामुळं.

आता ती यादी फक्त लेक तिच्या घरून उघडू शकते.

२० मार्च, बुधवार

शेवटी यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. शर्टांच्या ढिगावर बसले आणि हळूच म्हणाले, अगं, ती खोली बाळाची होती.

कुणाच्या बाळाची, म्हटलं.

तेव्हा समजलं. पोरीला फोनवर सांगायचं नव्हतं. फोनवर तू दोन मिनिटांत दुसरंच काही काढतेस, म्हणाली म्हणे. आईला त्या घरात नेऊन, खोली दाखवून सांगणार होती. भिंती तिनं रंगवल्या. पलंग जावयांनी केला, चार वेळा मोडून. पलंगावरची माळ यांची.

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? म्हणाले, तीन आठवडे. तीन आठवडे! माझ्या ताटात जेवून! म्हणजे माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता, काहीतरी लपवत होतेच.

असं म्हटल्यावर हे उठून आत गेले.

मी पुढं इस्त्री केली. बराच वेळ एकच चादर करत होते.

२१ मार्च, गुरुवार

लेक उचलत नाही. जावयांनी उचलला. म्हणाले, आई, ती झोपलीय, तिला उलट्या होतात. मी म्हटलं, आलं चोखायला द्या. म्हणाले, हो. मग फोन त्यांनीच ठेवला.

२२ मार्च, शुक्रवार

दुकान उघडायच्या आधी मेसेज पाठवला. यांना दाखवला नाही. जसाच्या तसा इथं उतरवते, नंतर मी असं म्हटलंच नाही असं कुणी म्हणायला नको.

“घर लाकूड खातं हे मला अजून पटलेलं नाही. तरी तुला तिथं जाता येत असेल तर कपाटात थोडं टाक, मंगळवारपासून कुणी गेलं नाही. खोली मी परत बांधून देते. भिंती पिवळ्याच करीन, फुलं कुठली ते तुझ्या बाबांना विचारते. पलंग मात्र मोठा करणार, पोर काय त्याच मापाचं राहणार आहे? पण आधी मला आत घे. ते मशीन माझं नाव बघतं आणि नाही म्हणतं. रागावली असशील तर रागाचं लिही, मला वाचता येतं. रविवारी संध्याकाळी मी दुकान बंद करून कॉम्प्युटरसमोर बसणार आहे. आत घेतेस की नाही, त्याच्या आत उत्तर पाहिजे. आणि ते तू द्यायचंस, जावयांना सांगायचं नाही.”