परसातले अकरा बचनाग

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण सातवीपर्यंत, काम माळ्याचे, हा कागद शुद्धीवर असताना, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरलेलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे. जिथे खाडाखोड झाली, तिथे शेजारी सही केली आहे.

१. माझी खुरपी, कात्र्या आणि झारी वहिनीला. कात्र्यांना धार लावून ठेवली आहे. दादाला देऊ नयेत, तो त्यांनी तारा कापतो.

२. घरामागच्या झाडीत, दाट सावलीत, मी सहा वर्षे बचनाग वाढवला. निळी, टोपीसारखी फुले येतात. एकदा लावला की दर वर्षी आपला आपण उगवतो. मुळापासून पानापर्यंत विषारी. तिथे कुंपण आहे, पाटी आहे. चूक तिथे झाली नाही. गेल्या शरदात गड्डे विलग केले, तेव्हा अकरा उरले. फेकवेनात. वहिनीला भांडी घासताना खिडकीतून फुले दिसावीत म्हणून मी ते परसातल्या भिंतीच्या सावलीत पुरले आणि कोणाला सांगितले नाही. थंडीत वर काहीच दिसत नाही. मी तपासण्यांसाठी इस्पितळात होतो, तेव्हा दादाने ती जागा खणून गाजरे पेरली.

गड्डा काळपट, बोटाएवढा असतो. माझी पुतणी चार वर्षांची आहे. ती वाफ्यात बसते, हाताला येईल ते उपटते, फ्रॉकला पुसते आणि खाते.

३. काल घरी आल्यापासून खणतो आहे. नऊ सापडले. दादा म्हणाला, "भागूबाई, ऑपरेशनची भीती माझ्या गाजरांवर कशाला काढतोस?" वहिनी म्हणाली, "भावोजी, जरा पडा आता. राहिलेले दोन कुजले असतील." वहिनी, ते कुजत नाहीत. तुकडा राहिला तर तोही फुटतो.

४. घरातला माझा अर्धा हिस्सा दादाला, पण एका अटीवर. त्या वाफ्याची माती हातभर खोल चाळावी, वर फरशी घालावी, खायचे काही लावू नये. न केल्यास हिस्सा पुतणीचा. दादा, माझे ऐकत नाहीस, निदान कागदाचे ऐक.

५. झाडीतले सगळे बचनागही उपटावेत. हे कलम तीनदा लिहून खोडले. त्यात एक पांढऱ्या फुलाचा आहे, यंदा पहिल्यांदा फुलणार होता. तोही काढावा. पुतणीला अजून पाटी वाचता येत नाही, आणि तिला वाचून दाखवायला मी असेनच असे नाही.

साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. पोस्टमन (सही)

लिहून देणार: (सही)

ठिकाण: मागच्या दाराची पायरी.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपारचे चार.

ताजा कलम: सही करून शिंपीकाका उठले नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "उजेड आहे तोवर दाखव, कुठला कोपरा राहिलाय."