वाचनालयाच्या साईटवर वैशालीचा अर्ज

३ सप्टें., बुध.
एकोडीहून वैशालीचा फोन. नामदेवची पोरगी, जन्मापासून दिसत नाही, पण बी.ए. झाली. मोबाईल बोलतो अन् ती ऐकते.
"काका, तुमच्या वाचनालयात सहायकाची जागा निघणार होती, काय झालं?"
म्हटलं, अगं, निघाली की! आठ दिवस झाले, मीच साईटवर टाकली.
"मी रोज पाहून राहिली. फोन नुसतं 'चित्र' म्हणते अन् पुढे जाते."
जाहिरातीच्या कागदाचा फोटो काढून चिकटवला होता मी. तिचे आठ दिवस मी खाल्ले. शेवटची ता. १२. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर व्हिडिओ पाहून साईट बनवायला शिकलो, त्याचा केवढा तोरा!

४ सप्टें., गुरु.
जाहिरात टाइप करून टाकली. दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष तणतणत हजर. "फोटो काहून काढला? शिक्का नाही, सही नाही. लोक म्हणतीन, खोटी आहे."
त्यांचंही चूक नाही. गोल शिक्का दिसल्याबिगर आपल्याकडे कागदावर कोणी भरोसा ठेवत नाही. म्हणून तर सगळ्या सूचना फोटोत. शेवटी तोड: वर अक्षरं, खाली शिक्क्याचा फोटो. एवढ्यासाठी पाऊण तास डोकेफोड.

६ सप्टें., शनि.
वैशालीनं नाव, पत्ता, शिक्षण सगळं भरलं. शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हणे. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा! तिनं कसं करावं?
साईट माझी, पण फॉर्म नागपूरच्या वेबसाईटवाल्यांचा, मला हात लावता येत नाही. फोन केला.
"काका, आंधळे लोक साईट पाहतेत काय?"
"पाहत नाहीत बाप्पा, ऐकतेत!"
"सोमवारी पाहू."

८ सप्टें., सोम.
नागपूरवाले फोन उचलत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "एवढा बोभाटा कायले? तूच भर ना तिचा फॉर्म."
मलाही पटलं, लिहायला लाज वाटते. वैशालीला म्हटलं, ओटीपी सांग, दोन मिनिटांत भरतो.
"भरा. मग जागा बी तुमालेच भेटन."
ओटीपी लिहायला घेतलेला पेन मी खाली ठेवला.
"काका, जाहिरातीत लिहून आहे, कॉम्पुटर स्वतः चालवता आला पाहिजे. मले येते."

१० सप्टें., बुध.
नागपूरला चार फोन. "पुढच्या अपडेटमध्ये होईन." तोवर तारीख जाईन त्याचं? संध्याकाळी वैशालीला हे सांगताना 'आंधळं दळतं' तोंडावर आलं, जीभ चावली. आता म्हणीही निवडून बोलाव्या लागतीन, तांदळासारख्या.

११ सप्टें., गुरु.
डोकं फिरलं. अध्यक्षांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांना दुपट्टा बांधला, हातात बोलणारा मोबाईल दिला. भरा अर्ज!
मोबाईल म्हणाला, "बटण. बटण. बटण."
"अबे, पण कोणतं बटण?"
म्हटलं, हेच तर पोरगी विचारून राहिली.
दुपट्टा ओढून त्यांनीच नागपूरला फोन लावला. तशा शिव्या फॅक्टरीतही ऐकल्या नव्हत्या.

१२ सप्टें., शुक्र.
सकाळी अक्षरांचं चित्र गायब, बटणांना नावं. दहा मिनिटांचं काम होतं म्हणे. दहा मिनिटं! अन् आठवडाभर माझं रक्त आटवलं.
साडेअकराला वैशाली. "काका, 'अर्ज मिळाला' म्हणते फोन! मीच दाबलं बटण."
मंगळवारी मुलाखत आहे, सांगितलं.
"तिथं पुस्तकांची नोंद कॉम्पुटरवर करून दाखवा लागन न? तो बोलते का?"
सात वर्षं झाली, मीच त्याच्यापुढे बसतो. कधी विचारच आला नाही. पाहतो, म्हटलं अन् तडक वाचनालयात आलो. चालू केला, आवाज पुरा वाढवला, डोळे मिटून बसलो आहे. म्हणजे बसलो होतो, आता लिहितो आहे.
अजून तरी काही बोललेला नाही.