इंजेक्शन सोडून सगळं

३ मार्च, संध्याकाळी
सरकारी दवाखान्यात नर्सचा संप. नगरसेवक या नात्याने गेटवर भाषण ठोकलं. ओघात बोलून गेलो, या बाया इंजेक्शन सोडून सगळं देतात. लोक हसले. अकरा वर्षांत माझ्या भाषणाला प्रथमच, तेही विनोदावर.

४ मार्च
सगळ्या चॅनेलवर मी! बायको म्हणाली, ताईही तिथेच नर्स आहेत. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर डबल ड्यूट्या करून तिनेच मला शिकवलं. बायकोला राजकारण कळत नाही. ताई समजून घेईल.

५ मार्च
पक्षाध्यक्षांचा फोन. माफी माग म्हणाले. मागणार नाही. माफी मागितली की बातमी मरते. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. आमदारकीचं तिकीट पक्कं.

७ मार्च, दुपारी
भाच्याचा फोन. संप मिटून ताई कामावर परतली, तर वॉर्डात पेशंटच्या भावाने तिचा हात धरून विचारलं, इंजेक्शन सोडून काय काय मिळेल. म्हणजे वाक्य तळागाळात पोचलं! कुणी शूट केलं का, विचारलं. भाच्याने फोन आपटला. हल्लीच्या पोरांना पेशन्स नाही.

९ मार्च
एकही फोन नाही. कुठलासा मंत्री शिक्षिकांबद्दल माझ्याहून घाण बोललाय. भाषेला काही दर्जा असतो की नाही? उद्या थेट शिव्या देणार. यादी केली. बायको यादी वाचून माहेरी गेली. बरंच झालं, सरावाला शांतता.

१० मार्च
शिव्या दिल्या. कॅमेरे दोन. एकाची बॅटरी संपली.

११ मार्च
चॅनेलवाले ताईला गाठणार, कळलं. काय बोलायचं ते मी तिला आधीच मेसेज केलं: भाऊ मनाने निर्मळ आहे. ती युनिफॉर्ममध्ये बाहेर आली, शांतपणे म्हणाली, "माझाच भाऊ आहे तो. त्याचं मनावर घेऊ नका. आमच्या घरात कधीच कुणी घेतलं नाही."
आणि आत गेली. अँकरला हसू आवरेना.
तिचा व्हिडिओ वीस लाख लोकांनी पाहिला. माझ्या शिव्या एकशे चार जणांनी.

२० मार्च
अध्यक्षांनी बोलावलं. नवं जॅकेट घालून गेलो. तिकीट ताईला. तिने नोकरीचा राजीनामाही दिलाय. तिची एकच अट, प्रचारात मी तोंड उघडायचं नाही. अर्जावर सूचक म्हणून माझी सही हवी होती. विचार केला, तिकीट घरातच राहिलं, म्हणजे माझंच. सही केली.

२१ मार्च
पेपरात ताईचा फोटो आलाय. माझा खांदा स्पष्ट ओळखू येतो.