रोशनसाठी कोकरू

बाभुळगाव,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिला बाबांचे अ. उ. आ. आणि जावई कपिलरावांना सलाम.

फोनवर मला ऐकू कमी येते आणि तूही मधेच बंद करतेस, म्हणून लिहितो.

रोशनच्या काळजाला भोक आहे, पंधराला नागपूरला भरती करणार आणि वीसला ऑपरेशन, हे तुझ्या आईने सांगितले. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. तुझी कूस उजवत नव्हती, तेव्हा पहिल्या फळांच्या, सुगीच्या सणाला मी चर्चमध्ये मंडळीपुढे उभा राहून बोललो होतो, की प्रेरणाला पहिला मुलगा झाला तर तो देवाचा. तुला विचारले नव्हते.

मी सातवी शिकलेला माणूस. पण मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आहे, की पहिला जन्मलेला देवाचा, माणसाचा असो की जनावराचा. माणसाचा असेल तर मोबदला देऊन सोडवायचा. गाढवीच्या पहिल्या शिंगराच्या बदली कोकरू द्यायचे, आणि नाही दिले तर शिंगराची मान मोडायची. आपण रोशनला दिलेही नाही आणि सोडवलेही नाही. मला भीती वाटते, पोरी.

यंदाचा सण सतराला आहे. भरती दोन दिवस पुढे ढकला आणि आधी लेकरू इथे आणा. वेदीपुढे धरू, मी कोकरू देतो, मग सुखाने नागपूरला जा.

थंडी पडू लागली आहे, त्याचे कान बांधत जा. रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा बाबा,
शांतवन तायडे

राजूर,
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना प्रेरणाचा सलाम. वि. वि.

पत्र कपिलने वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि खाणीवर ड्यूटीला गेला. परत आल्यावर एवढेच म्हणाला, की मामाजींना सांग, भरतीची तारीख डॉक्टर देतात, मोशे नाही.

माझे लेकरू शिंगरू नाही, बाबा. दोन घोट दूध प्यायले की त्याचे ओठ निळे पडतात. त्याला मी दोन दिवस थांबवू? तुम्ही न विचारता दिलेत तेव्हा मी गप्प राहिले, कारण तेव्हा मांडी रिकामी होती. आता नाही. आम्ही पंधराला जाणार. तुम्ही प्रार्थना करा, सौदा करू नका.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावे ओल्या फरशीवर बसू नको. तुमचा लोभ मला हवा आहे, पण तो रोशनवर अधिक करावा.

आपली,
प्रेरणा

बाभुळगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिला अ. उ. आ.

तू नाही म्हणालीस तरी मला राहवले नाही. बकऱ्या-मेंढ्या विकणाऱ्या हबीबकडून कोकरू घेतले. तो थट्टेने म्हणाला, की चाचा, तुमच्यात बकरीद नसते, मग काहून घेऊन राह्यले? कारण सांगितल्यावर मीही दुआ करतो म्हणाला.

आपल्या चर्चचे पाळक भावसिंग राठोड कालचे पोर, पण शिकलेले. ते म्हणाले, की मिसर देशात देवाने आपल्या लोकांची पहिली लेकरे मरणातून वाचवली, त्याची ती आठवण होती. सोडवायचे ते लेकरू आईबापांना घरी नेता यावे म्हणून. आणि ते मोल येशूने एकदाच सगळ्यांसाठी भरले, तर काका, आता कोकरू कायले पाहिजे? मी विचारले, मग शास्त्रात कायले राहू दिले? ते हसले आणि म्हणाले, आणा, सणाच्या लिलावात घेऊ.

उपासनेनंतर लोकांनी देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. पहिल्या वेचणीचा कापूस गेला, सोयाबीन गेले, भावसिंगच्या सासूच्या कोंबडीवरून तर दोघांचे भांडण झाले. मग कोकरू पुढे आणले. एकानेही बोली लावली नाही. ते ओरडत होते आणि सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. शेवटी मीच दोर धरून घरी आणले. तुझी आई म्हणते, की ते कोणाच्या बदली आहे हे ठाऊक असताना कोणाच्या तोंडात त्याचा घास गेला असता? पण घरी आल्यावर मी पाहिले, त्याचा डावा कान फाटलेला आहे.

हे पत्र उद्या नागपूरला येणाऱ्या माणसाच्या हाती दवाखान्यात पाठवतो. बुधवारी ऑपरेशन झाले की कपिलरावांना फोन करायला सांग. मी तो आईच्या हातात देईन. देव तुम्हां तिघांना सांभाळो.

तुझा बाबा

बाभुळगाव,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा,

काय आशीर्वाद लिहू. माती देऊन आलो तेव्हापासून घरात चूल नीट पेटली नाही. कपिलरावांनी पेटी एकट्याने हातांवर नेली. दुसऱ्या माणसाची गरजच पडली नाही, हे डोळ्यांपुढून जात नाही.

पोरी, दोष त्या कानाचा आहे. कोकरू अव्यंग पाहिजे असे लिहिले आहे. मी घाईत पाहिले नाही. देवाने कोकरू परत पाठवले आणि लेकरू नेले. कबरीपाशी हे बोललो तर तू उठून गेलीस. पण मंडळीला कळले पाहिजे. आठ तारखेच्या रविवारी मी साक्षीला उभा राहणार, की देवाने आपला हक्क घेतला आणि चूक माझी आहे. म्हणजे तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. तू ये.

बाबा

राजूर,
२ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सलाम.

कबरीपाशी तुम्ही लोकांना कोकराचा कान सांगत होता, तेव्हा मला वाटले माझ्या लेकराचे मोल चालले आहे आणि ते कमी पडले.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितले. भोके एकाहून जास्त होती. शिवली, पण फुप्फुसांना ते झेपले नाही. एवढेच झाले. यात कान कुठे नाही, बाबा.

तुम्ही साक्ष दिलीत तर मंडळीत रोशन म्हणजे देवाने वसूल केलेले पोर, एवढीच त्याची ओळख राहील. मग मी बाभुळगावला पाय ठेवणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही.

मला अजून दूध येते. ते कोणाला कळत नाही, म्हणून मी येशूच्या आईचा, मरियेचा विचार करते. तिनेही आपला पहिला मंदिरात नेला, दोन पाखरे दिली आणि घरी आणला. सगळे नियमाप्रमाणे झाले. पाखरांत काही खोट नसेल. तरी तो वधस्तंभावर गेला आणि त्याच्या बदली कोणी कोकरू आणले नाही. ज्या देवाचा स्वतःचा पहिला असा गेला, तो माझ्या दारात मागायला येईल असे मला वाटत नाही. मला वाटते, तोही कुठेतरी असाच बसून आहे. भावसिंगदादांना विचारा. हे चूक असेल तर मला कळवू नका.

मला तुमची साक्ष नको. तुम्ही या.

प्रेरणा

बाभुळगाव,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिला बाबांचे अ. उ. आ.

तुझे पत्र काल मिळाले. आज उपासनेत भावसिंगने विचारले, की कोणाला साक्ष द्यायची आहे का. सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले, कारण मी तसे आधीच सांगून ठेवले होते. मी पुढचा बाक घट्ट धरला आणि बसून राहिलो. मग गीत सुरू झाले.

नंतर तू लिहिलेले मरियेचे भावसिंगला वाचून दाखवले. चूक असेल तर कळवू नका म्हणालीस, तर त्यांनी चूक म्हटले नाही. चष्मा काढून पुसला आणि त्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या.

तुला खोटे कशाला लिहू? तो कान अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो. तू सांगितलेस म्हणून जात नाही. पण मी तो आता कोणाला सांगणार नाही.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, सतराला, तुझ्या आईला घेऊन निघतो. मला काय बोलावे ते कळत नाही, तर मला बोलायला लावू नकोस. आईला लगेच आत घे, तिचे गुडघे दुखतात. तुझ्याने मला आत बोलाववले नाही, तर मी बाहेर ओट्यावर बसेन.

तुझा बाबा