रिकामी खुंटी

प्रिय सुचे,

आधी चष्मा लाव आणि मग घाबर, नेहमीसारखं उलटं करू नकोस. कोणी आजारी नाही. माझा कुश ब्रिस्टलला मजेत आहे आणि माझं ब्लडप्रेशर माझ्या वयाला शोभेल असंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण चार ओळी लिहायच्या, पुसायच्या, परत लिहायच्या, शेवटी वैताग आला. फोन केला असता तर तू मधेच बोलली असतीस. तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते सांगून होईपर्यंत तू गप्प बसायला हवंस, म्हणून हे पत्र. मन एका जागी ठरत नाहीये गं. स्वयंपाकघरातून बागेत, बागेतून स्वयंपाकघरात असं चाललंय सकाळपासून. चकलीसुद्धा माझ्या मागे फिरून दमली आणि आता टेबलाखाली चारी पाय ताणून पडलीय.

झालं असं की रविवारी जेफ आला. तो लाल चेहऱ्याचा शेतकरी, श्रीकांतच्या फ्युनरलला घट्ट झालेला काळा सूट घालून सगळ्यात मागे उभा होता, आणि तू ज्याला टॅक्सीवाला समजून टिप द्यायला निघाली होतीस, तोच. अंडी घेऊन आला. बूट काढले नाहीत, दारातच उभा राहिला आणि म्हणाला की आपलं शूट यंदा बहुतेक बंद होणार. तुला सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण श्रीकांत शनिवारी शिकारीला जातो म्हटलं की तू कानांवर हात ठेवायचीस. ही काही राजेरजवाड्यांची शिकार नव्हे. गावातले आठ जण मिळून शेजारच्या इस्टेटीच्या रानात फेझंट पक्षी मारायचा हक्क भाड्याने घेतात. एक प्लंबर, एक शाळेतला मास्तर, चार-पाच शेतकरी आणि त्यांच्यात आपला डॉक्टर. आता बंदुकीच्या सर्टिफिकेटची फी दुपटीच्याही वर गेली, वर डॉक्टरचं पत्र लागतं त्याचे वेगळे. पोलीस म्हणतात तपासणीचा खर्चच निघत नव्हता, आणि खरं सांगू, त्यांचंही चुकीचं नाही, बंदूक म्हणजे काही लायब्ररीचं कार्ड नाही. पण प्लंबरने फीचा आकडा बघितला आणि बंदूक विकून गोल्फ धरला. मास्तरांचे गुडघे गेले. तरुण कोणी येत नाही, जेफची स्वतःची मुलगी व्हीगन आहे. इस्टेटवाल्यांनी सांगितलंय की ऑक्टोबरच्या आत आठ माणसं दाखवा, नाहीतर रान दुसऱ्या कामाला देऊ. जेफने धावपळ करून दोन नवे मिळवलेत. तरी सातच होतात.

सात होतात, कारण आठवी जागा श्रीकांतची आहे. शूटच्या दिवशी सकाळी सगळे जेफच्या गोठ्यात जमतात. जेफकडे चामड्याची एक छोटी डबी आहे, तिच्यात आकडे घातलेल्या काड्या असतात. प्रत्येकाने न बघता एक काडी ओढायची आणि जो आकडा येईल त्या खुंटीपाशी जाऊन उभं राहायचं. रानाच्या कडेने अशा आठ खुंट्या ठोकलेल्या असतात. पलीकडून हाकारे झाडी बडवत येतात आणि पक्षी उडतात. श्रीकांत गेल्यावर जेफने त्याची काडी काढलीच नाही. सगळ्यांनी ओढून झालं की डबीत एक काडी उरते, ती श्रीकांतची. मग त्या आकड्याच्या खुंटीपाशी कोणी उभं राहत नाही, आणि तिच्यावरून जे पक्षी जातात ते आजूबाजूचे लोक सोडून देतात. दोन सीझन असंच चाललंय. या माणसांनी मला कधी मिठी मारली नाही, कधी रडले नाहीत, तुझं दुःख आम्हाला समजतं वगैरे म्हणाले नाहीत. एक खुंटी रिकामी ठेवली, बस. रविवारी मात्र जेफ म्हणाला की आता रिकामी ठेवणं परवडणार नाही. आणि हे म्हणताना तो माझ्याकडे न बघता अंड्यांकडे बघत होता.

तुला वाटेल, मेलं शूट बंद झालं तर झालं, तेवढेच पक्षी वाचतील. मलाही आधी तसंच वाटायचं. श्रीकांत या गावच्या दवाखान्यात लागला तेव्हा एका पेशंटने त्याला हाकारा म्हणून नेलं, हातात काठी आणि फडकं देऊन. चिखलाने माखून आला आणि म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला कुठून आलास असं विचारलं नाही, फक्त डावीकडून चल म्हणाले. मग हळूहळू बंदूक आली. दाराच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली फेझंटची जोडी लटकायला लागली. मी मालवणची, मासे साफ करणारी, पण पिसं काढायला बसले तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं होतं. नंतर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घालून असं कालवण करायला लागले की जेफ डबा घेऊन यायचा. इकडे कोणाकडे जाताना जोडी न्यायची ही रीत, ती श्रीकांतच्या अंगात इतकी भिनली की तुमच्याकडे वॉटफर्डला लक्ष्मीपूजनाला आला तोही जोडी घेऊन. रांगोळीच्या बाजूला ठेवली होती, आठवतं ना? तू किंचाळलीस, शेजारचे पटेल धावत आले, आणि श्रीकांत बिचारा सगळ्यांना समजावत होता की चांगले ताजे आहेत. अजूनही मी आले की तू मला आधी हात धुवायला लावतेस.

त्याच्या मागे पहिल्या सीझनला जेफने मला बोलावलं, पक्षी गोळा करायला कुत्रं कमी पडतंय म्हणून. कमी वगैरे काही पडत नव्हतं. पण मी चकलीला घेऊन गेले. तिकडचे सगळे तिला चॅक्ली, चॅक्ली म्हणून हाका मारतात आणि तीही लाजलज्जा सोडून कोणाच्याही मागे जाते. मी श्रीकांतचं जॅकेट घातलं होतं. खिशात हात घातला तर बडीशेप आणि झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल, दोन्हींचा मिळून एक वास. मी तशीच जाऊन त्याच्या खुंटीपाशी उभी राहिले. डोक्यावरून पक्षी गेले आणि कोणीही बंदूक उचलली नाही. त्या दिवसापासून आठवड्यात शनिवार हा एकच दिवस आहे जेव्हा मी गजर व्हायच्या आधी उठते. बाकीच्या दिवशी कुठला वार आहे हे फोनमध्ये बघावं लागतं. तो शनिवार गेला तर माझ्याकडे काय उरतं ते मला ठाऊक आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

म्हणून जेफला मी म्हणून गेले की आठवी मी. तोंडातून निघून गेलं, पण खोटं नव्हतं. गेल्या वसंतात मी क्ले शूटिंग शिकले, कोणाला सांगितलं नाही. तिथे शिकवणारा बाजूला उभा असतो, म्हणून स्वतःचं सर्टिफिकेट लागत नाही. मातीच्या थाळ्या उडवतात आणि आपण फोडायच्या. पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला. तिसऱ्या खेपेला एक थाळी फुटली, आणि सुचे, त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. हॉस्पिटल नव्हतं, तो मॉनिटर नव्हता, कुशचा फोन कधी येणार हे नव्हतं. गाडीत येऊन बसले आणि पुष्कळ वेळ रडले, पण बरं वाटलं. कुशला हे कळल्यावर तो उखडला. श्रीकांतची बंदूक अजून दुकानदाराकडे ठेवलेली आहे, ती विकून टाक आणि ब्रिस्टलला ये म्हणतो. त्याचं मराठी तुला माहीत आहेच, चिडला की आणखी मोडतं. म्हणाला, आई, तुझा डोका ठीक नाही आहे. मी हसले, त्याला वाटलं चेष्टा करतेय. पण फोन ठेवल्यावर तेच वाक्य घेऊन मी घरभर फिरले.

आता मागणं. सर्टिफिकेटसाठी पोलिसांना एक ओळखीचा माणूस लागतो, मला नीट ओळखणारा, जो सांगेल की ही बाई सरळ आहे आणि हिच्या हातात बंदूक द्यायला हरकत नाही. जेफ एका पायावर तयार होता. पण जेफने मला शनिवारी बघितलंय, नीट केस विंचरलेली, थर्मासमधून चहा वाटणारी. तू मला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये बघितलंस, एका चुलीवर दोन घरांच्या फोडण्या आणि दोघींच्या नावाने केकाटणारा तो फायर अलार्म. आणि श्रीकांत गेल्यावर मी तुझ्याकडे येऊन राहिले, तेव्हा भेंडी चिरता चिरता मी जे बोलले ते फक्त तू ऐकलंस. सकाळी उठलेच नाही तर बरं होईल, असं म्हणाले होते मी. त्या दिवसापासून तू माझ्या खोलीत गादी टाकून झोपायला लागलीस आणि वर सांगितलंस की नवरा घोरतो. सुचे, भाऊजी घोरत नाहीत. गाडीची चावीही तूच लपवलीस, डाळीच्या डब्यात, ती मला सापडली होती आणि मी तिथेच ठेवली. डॉक्टरला मी तेव्हा झोप येत नाही एवढंच सांगितलं होतं. मंगळवारी जाणार आहे, उरलेलं सांगायला. मला वाटतं मी त्यातून बाहेर आलेय. पण मला काय वाटतं यावर किती भरवसा ठेवायचा ते मला कळत नाही, म्हणून पोलिसांना जेफचं नाही, तुझं नाव देणार आहे. ते विचारतील तेव्हा भेंडीची गोष्टसुद्धा सांग, माझी बाजू घेऊ नकोस. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, जेफला सांगेन दुसरा माणूस बघ. फक्त नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस. ये, आणि गादी घेऊन ये.

तुझ्या हो-नाहीची वाट बघत,
तुझीच
मधू