शहाण्णव ठिपके

३ फेब्रुवारी, सकाळी १०
प्रयोगशाळेत नवं मशीन आलं. काचेवर सोन्याचा पातळ मुलामा, त्यावर शहाण्णव ठिपके, प्रत्येक ठिपक्यात जनावरांच्या एखाद्या रोगाचं प्रथिन, एका रोगाला आठ ठिपके. वरून गाईच्या रक्ताचा सीरम सोडायचा. जिथं काही चिकटतं तिथं परतणारा उजेड बदलतो, आणि कॅमेरा सगळे ठिपके एकदम बघतो. मी चौदा वर्षं एकेक रोग वेगळा तपासला. इन्चार्ज कोण होणार हे उघड आहे. महिनाअखेरीस हेडसाहेब जाहीर करतील ही फॉर्मॅलिटी.

५ फेब्रुवारी
पहिला रन राजेश्वरीनं घेतला. पाथर्डीची. आईबाप ऊसतोडीला जायचे. नोकरीला जेमतेम दीड वर्ष. हेडसाहेब तिच्या खुर्चीमागे वीस मिनिटं उभे होते. माझ्यामागे दोन मिनिटं कधी थांबले नाहीत. मी जळत नाही. नोंद ठेवतो.

६ फेब्रुवारी
तिच्या काचेवर सोळा ठिपके कोरे. विचारलं तर म्हणाली, सर, तेवढे रिकामेच ठेवायचे, न्हाईतर खरं चिकटलंय का नुसता उजेड हाललाय ते कसं कळायचं. पाथर्डीकडच्यांना पडीक रानाची सवय. आम्ही देवळाली प्रवऱ्याचे, बांधाला भिडवून ऊस लावतो. संकल्प: माझ्या काचेवर एक ठिपका मोकळा राहणार नाही. तिचे दहा रोग, माझे बारा.

११ फेब्रुवारी
रन पुढे ढकलला. सर्दी. शिवाय मॅन्युअल फार वाईट लिहिलंय. राजेश्वरीनं म्हणे पूर्ण वाचलं. असतो एकेकाला वेळ.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४
माझा रन. घोडेगावच्या बाजारात घेतलेला एका गाईच्या रक्ताचा नमुना. शहाण्णवच्या शहाण्णव उजळले. बाराही रोग. बायकोला फोन केला. माधुरीनं विचारलं, गाय जिवंत आहे का. सायन्स नसलेल्यांना काय सांगणार. तरी तिनं मी इन्चार्ज झाल्याचं माहेरी कळवून टाकलं.

२० फेब्रुवारी
मीटिंग. हेडसाहेबांनी गाईचे मालक हनुमंत यांना सगळ्यांसमोर फोन लावला. ते म्हणाले, गाय झ्याक हाय, नऊ लिटर देती. मग साहेबांनी माझ्यासारखीच भरलेली काच घेतली आणि त्यावर नुसतं मिठाचं पाणी सोडलं. शहाण्णव उजळले. म्हणजे मिठाच्या पाण्याला लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि आणखी दहा रोग. चार ठिपके जरी कोरे असते तरी तेही उजळले असते आणि चूक तिथंच कळली असती, असं साहेब म्हणाले. सगळे हसले. राजेश्वरी हसली नाही. ते जास्त लागलं.

२८ फेब्रुवारी
राजेश्वरी इन्चार्ज. मला या कामातून काढायचंच चाललं होतं. तीच म्हणाली म्हणे, सरांचा हात लई स्थिर हाय, राहू द्या त्यांना. तिच्या शब्दावर राहिलो. हेवा वाटतो मला तिचा. लिहून टाकलं. वही कुलपात असते.

३ मार्च, सकाळी ११
रजेचा अर्ज आता तिच्याकडे द्यायचा. दिला. कारण: प्रकृती. तिनं सही केली, मग वर बघून विचारलं, सर, खरंच बरं न्हाई का. बरं नाही, म्हणालो. आणि खरंच नव्हतं.