साखळीपलीकडचे चार मैल

मंगळवार, ३ मार्च २०१५

पुन्हा साखळी! या वेळी कुलूपही नवं, पितळी, चकचकीत. रोझेल दरीच्या तोंडाशी गाडीतून उतरले आणि दहा मिनिटं नुसती त्या कुलपाकडे बघत उभी राहिले. वर पाटी — 'राष्ट्रीय उद्यान. वाहनांना बंदी. पायी व घोड्यावरून प्रवेश खुला.' घोड्यावरून म्हणे! डॅडी शहाऐंशी वर्षांचे आहेत. नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांना कुठल्या घोड्यावर बसवू?

चार मैल आत आईची कबर आहे. शेजारची जागा डॅडींची. दगडावर त्यांचं नाव, जन्मसालासकट, केव्हाच कोरून ठेवलेलं आहे. त्यांची इच्छा एवढीच — यंदाच्या डेकोरेशन डेला, मे अखेरीस सगळे कबरी सजवतात त्या दिवशी, एकदा तिथे फुलं ठेवायची, आणि वेळ आली की तिथेच पडायचं. जास्त काही मागितलंय का?

रस्ता आमच्या जिल्ह्याचा आहे. आईच्या पणजोबांच्या गाड्यांनी १८८० साली पाडलेला. वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि दरी उद्यानात गेली, म्हणून रस्ता केंद्राचा होत नाही. जिल्ह्याच्या रस्ते विभागातल्या माझ्या टेबलावरून फोनवर मी रोज हेच सांगते. आता इथेही लिहून ठेवते.

गुरुवार, ५ मार्च

उद्यानाच्या कचेरीत गेले. लिंडक्विस्ट बाई तिथल्या प्रमुख. थंड मुलखातल्या, मिनेसोटाच्या, दोन वर्षं झाली इथे येऊन, अजून उन्हाने नाक सोलतं. बाई वाईट नाही, हेच जास्त चिडवणारं आहे.

"परवाना देते की! एका दिवसाचा. हा अर्ज भरा."

अर्ज वाचला. 'उद्यानाच्या मालकीच्या वाटेवरून वाहन नेण्याची परवानगी मिळावी.' तो घेऊन जिल्ह्याच्या वकिलाकडे गेले; या रस्त्यासाठी केंद्राविरुद्धचा दावा तोच लढवतोय. शेल्डन पेक — शाळेत माझ्या पुढे एक वर्ष, तेव्हापासून असाच ताठ.

"सही करू नकोस, जानील! परवानगी मागितलीस की रस्ता त्यांचा, हे आपणच कबूल केल्यासारखं."

"मग जिल्हा परवानगी देतो का?"

"आपल्याच रस्त्याची आपण परवानगी कशी देणार? आपला रस्ता खुलाच आहे."

"त्याला साखळी आहे, शेल्डन!"

"बेकायदा आहे ती," तो म्हणाला आणि सँडविच खायला लागला.

परत लिंडक्विस्ट बाईंकडे. त्या म्हणाल्या, "मग अर्ज राहू दे. मी स्वतः आमच्या गाडीतून तुमच्या वडिलांना नेऊन आणते." पुन्हा शेल्डनला फोन. "आपला मुख्य साक्षीदार केंद्राच्या गाडीत? वेड लागलंय का?" मी बाईंना नाही म्हणून कळवलं. डॅडींना विचारलंही नाही.

सोमवार, ९ मार्च

दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून तीच साखळी लावावी!

शनिवार, २१ मार्च

आज तमाशा झाला. जिल्हा मंडळाचा अध्यक्ष डार्विन हॅच, वजन दीडशे किलो, जिल्ह्याच्या ग्रेडरवर, म्हणजे पोटाखाली लोखंडी पातं असलेल्या त्या अवजड यंत्रावर, झेंडा लावून रस्ता सपाट करायला निघाला. आपण डागडुजी करतो म्हणजे रस्ता आपला, हे दाखवायला. मागे तीसेक गाड्या, टोप्या, भाषणं, मुलाखती. साखळी कापली. पाव मैल आत गेल्यावर ओढ्याच्या वाळूत ग्रेडर पोटापर्यंत रुतला.

मी त्याच रस्ते विभागात काम करते. लाजेने मान खाली घालून उभी होते. डॅडी गाडीत बसून बघत होते. चौतीस वर्षं त्यांनीच हा जिल्ह्याचा ग्रेडर चालवला. म्हणाले, "तिथे डावीकडून घ्यायचं असतं. डार्विनला सांगायला हवं होतं कुणीतरी."

शेवटी कुणाच्या गाडीने ओढून काढलं? उद्यानाच्या! लिंडक्विस्ट बाईंनी दोर बांधला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

मंगळवार, २४ मार्च

कालच्या तातडीच्या सुनावणीत न्यायाधीशांचा हुकूम निघाला. निकाल लागेपर्यंत त्या रस्त्यावर कुणाचीच गाडी नाही. जिल्ह्याची नाही, उद्यानाचीही नाही. साखळी पुन्हा लागली. झेंड्याची कृपा! आता बाईंच्या गाडीचाही प्रश्न मिटला. छान. फार छान.

बुधवार, १ एप्रिल

शेल्डनसाठी साक्षीदारांची यादी टाइप केली. कायदा असा — १९७६ च्या आधी सलग दहा वर्षं लोक ती वाट वापरत होते हे सिद्ध झालं, तर रस्ता जिल्ह्याचा. म्हणजे ते बघितलेली माणसं हवीत. ती सगळी आता ऐंशीच्या पुढची. यादीतल्या बारा जणांपैकी दोघे या हिवाळ्यात गेले. शेल्डन रोज सकाळी पेपरात आधी मृत्यूचं पान उघडतो.

डॅडी त्याचे हुकमाचे एक्के. "चौतीस वर्षं ग्रेडर चालवलेला माणूस! ते म्हणाले रस्ता होता, की संपलं."

घरी डॅडींना विचारलं, काय काय आठवतंय, उजळणी करू या. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "विचारतील तेव्हा सांगेन."

मला मात्र आईच्या दफनाचं काही आठवत नाही. अकरा वर्षांची होते. आठवत नाही म्हणजे नाही.

मंगळवार, १४ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

जबानी जिल्ह्याच्या बैठकीच्या खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला शेल्डन, समोर केंद्राचा वकील. टकला, मऊ बोलणारा, पूर्वेकडचा. मध्ये टायपिंगवाली. डॅडींनी पांढरा सदरा घातला होता, चर्चचा. शपथ घेताना उभे राहिले, बसून चालेल म्हटलं तरी.

शेल्डनने सुरुवात मस्त केली. नाव, वय, नोकरी. मग, "लावार, रोझेल दरीतला रस्ता तुम्ही कधीपासून बघताय?"

"एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरपासून."

शेल्डन हसला. "म्हणजे त्या साली तुमच्या पत्नी गेल्या. पण त्याआधीपासून..."

"त्याआधी रस्ता नव्हता. घोड्याची पायवाट होती. रस्ता मी काढला."

टकल्या वकिलाने पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "कशाने काढलात, साहेब?"

"जिल्ह्याच्या ग्रेडरने. न विचारता. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी शवपेटी ट्रकमधून नेली."

"पूर्वी तिथे दफनं कशी व्हायची?"

"पेटी खेचरावर बांधायची. माझ्या बायकोच्या, आर्डेलच्या आईला तशीच नेली."

"मग पत्नीसाठी रस्ता का?"

डॅडींनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "तिला घोड्याची भीती वाटायची. लहानपणी पडली होती. मेल्यावर तरी तिला जनावराच्या पाठीवर कशाला टाकायचं?"

टायपिंगवालीचे हात थांबले. शेल्डनचा चेहरा बिटासारखा लाल.

"बरोबर कुणी होतं?"

"मी एकटाच होतो."

बुधवार, १५ एप्रिल

भांडले. आयुष्यात पहिल्यांदा डॅडींवर ओरडले. "एक वाक्य! 'आठवत नाही' एवढंच म्हणायचं होतं! रस्ता मिळाला असता. आईशेजारी जाता आलं असतं तुम्हाला! आता उद्यानवाले रस्त्यावर बी पेरतील आणि झुडपं उगवतील!"

"अगं, हात वर करून शपथ घेतली होती मी."

"आणि ती बाकीची म्हातारी माणसं? तीही हात वर करूनच सांगतायत ना, बैलगाड्या आणि काय काय!"

"त्यांचं त्यांच्यापाशी," म्हणाले, आणि सूप मागितलं. मी सूप आदळलं त्यांच्यापुढे. सांडलं.

रविवार, १९ एप्रिल

चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. गेल्या महिन्यात डॅडींना खोकला झाला तर तीन घरांतून चीज घातलेले भाजके बटाटे आले होते, गाजर घातलेली हिरवी जेली आली होती. या आठवड्यात परवा अख्खी रात्र दवाखान्यात काढली, एक वाटी नाही आली. डार्विन हॅच दाराशी म्हणाला, "ब्रदर लावार, वॉशिंग्टनवाल्यांनी जेवायला बोलावलं की नाही अजून?" चारजण हसले. डॅडी म्हणाले, "डावीकडून घ्यायचं होतं, डार्विन." त्याला कळलंच नाही.

मला हसू आलं आणि मग इतका राग आला! सगळ्यांचाच.

मंगळवार, ५ मे

जबानीची टाइप केलेली प्रत आली. डॅडींनी वाचायची, चुका असतील त्या सोबतच्या कागदावर लिहायच्या, सही करायची. तीस दिवसांची मुदत. भिंग घेऊन बसलेत. रोज दोन पानं.

मंगळवार, १२ मे

शेल्डनने दार लावून घेतलं. त्याने प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं, माझ्या नावाने. 'माझ्या वडिलांची स्मरणशक्ती गेली काही वर्षं क्षीण झाली असून ते साल व घटना यांची गल्लत करतात.'

"यात खोटं काय आहे? शहाऐंशी वर्षांचे आहेत. परवा मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारली."

"तुझा बाप आणि तू सारखेच दिसता, शेल्डन."

तो हसला नाही. "जानील, त्यांच्यासाठीच करतोय आपण हे. त्यांना तिथे झोपायचंय ना? मग हाच एक मार्ग आहे. शिवाय तू या जिल्ह्याची नोकर आहेस. अठरा वर्षं."

नोकरीचं त्याने अगदी शेवटी, सहज जाता जाता म्हटल्यासारखं म्हटलं.

बुधवार, १३ मे

सही केली.

गुरुवार, १४ मे

डॅडींनी सकाळी विचारलं, आयरिस फुललेत का. फुललेत म्हटलं. त्यांनी टोमॅटोचे चार रिकामे डबे धुऊन ठेवलेत, चंदेरी कागदही गुंडाळलाय. हे सगळं आठवतं त्यांना. सगळं! मला त्यांच्याकडे बघवत नाही.

सोमवार, २५ मे. डेकोरेशन डे

साखळीपर्यंत गेलो. डॅडी गाडीत, मांडीवर डबे, डब्यांत जांभळे आयरिस. मी म्हटलं, इथेच ठेवू या, साखळीला बांधून.

"तू जा की चालत. चारच मैल आहेत."

"पायी गेले तर त्यांची पाटी मान्य केल्यासारखं होतं, डॅडी. शेल्डन म्हणतो..."

"जानील," ते म्हणाले, "तुझी आई आहे ती."

लिंडक्विस्ट बाई गणवेशात आल्या होत्या. विचारलं नाही, सांगितलं नाही, डॅडींच्या शेजारी गाडीत येऊन बसल्या. "तुम्ही या जाऊन. आम्ही बोलत बसतो. नळीचं मला कळतं, माझ्या आईला होती." दोन महिने मी हिच्या नावाने बोटं मोडतेय.

दोन डबे पिशवीत घालून साखळीवरून पाय टाकला. मार्चपासून कधीही जाता आलं असतं! शुद्ध वेडेपणा. कबरीवर तण वाढलं होतं, ते उपटलं. डॅडींच्या नावात वाळू भरली होती, ती बोटाने काढली.

जाताना तिसऱ्या वळणावर थांबले. तिथे लाल खडकावर गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडी पात्याचा ओरखडा आहे. हातभर लांब. त्यात हात ठेवून बघितला. पाय दुखतायत. आज पुरे.

बुधवार, २७ मे

डॅडींनी कागद दिला, "टपालात टाक." पाकीट उघडंच होतं. अख्ख्या जबानीत एकच दुरुस्ती.

'पान २३, ओळ ४. मी एकटाच होतो, हे खरं नाही. माझी मुलगी जानील तिन्ही दिवस माझ्याबरोबर ग्रेडरच्या केबिनमध्ये होती. कुणाकडेही राहायला तयार नव्हती. तिच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून मी नाव घेतलं नाही. शपथेवर खोटं बोललो, माफी असावी. माझ्या आठवणीबद्दल शंका वाटली तर तिला विचारा. तिची आठवण पक्की आहे.'

आहे. पहिल्यापासून आहे. तिसऱ्या वळणावर पातं खाली सोडायची कळ मी ओढली होती. लवकर ओढली, खडक घासला, ठिणग्या उडाल्या. डॅडी म्हणाले, असू दे. ३ मार्चला १८८० लिहिलं, तेव्हाही हे मला माहीत होतं. या वहीत तरी खोटं लिहायचं काय कारण होतं?

पाकीट टपालात टाकलं. शेल्डनचं कार्यालय आठला उघडतं. माझी सही परत मागायला जायचंय.